पापणी खाली येणे, आत वळणे, बाहेर उलटणे: सोलापूर परिसरातील रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

पापणीची तक्रार घेऊन येणारे बहुतेक रुग्ण पहिला प्रश्न 'ऑपरेशन करावे लागेल का?' असा विचारतात. आमच्या मते त्याआधी 'आपल्या हातात वेळ किती आहे?' हे विचारायला हवे. पापणीच्या काही तक्रारींत मिनिटे मोजावी लागतात, काहींत तास, लहान मुलांच्या बाबतीत महिने, आणि काही वेळा तर मुद्दाम वर्षभर थांबणेच योग्य ठरते. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा या भागांतून येणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक वारंवार जे विचारतात, त्याची उत्तरे पुढे त्याच दृष्टीने दिली आहेत.

पापणीची जागा बिघडली आहे असे केव्हा म्हणायचे?

आपण समोर सरळ पाहत असताना वरची पापणी बुबुळाचा वरचा १ ते २ मिलिमीटर भाग झाकते आणि खालच्या पापणीची कड बुबुळाच्या खालच्या काठाला जेमतेम टेकलेली असते. दोन्ही पापण्यांची कड डोळ्याला चिकटून असते आणि पापणीचे केस बाहेरच्या बाजूला वळलेले असतात. वरची पापणी उचलण्याचे मुख्य काम एक स्नायू करतो व त्याला मेंदूतून निघणारी तिसरी नस चालवते. डोळा मिटण्याचे काम पापणीभोवतीचा गोल स्नायू करतो व तो सातव्या नसेच्या, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या, ताब्यात असतो. यांपैकी काहीही ढिले पडले, ओढले गेले किंवा निकामी झाले की पापणी खाली येते (टोसिस), आत वळते (एन्ट्रोपियन), बाहेर उलटते (एक्ट्रोपियन), गरजेपेक्षा वर ओढली जाते किंवा पूर्ण मिटतच नाही. पापणी हे डोळ्याचे झाकण आहे आणि दर वेळी उघडझाप होताना ती बुबुळावरून अश्रूंचा पातळ थर पसरवते. म्हणून पापणीच्या बिघाडाची किंमत शेवटी बुबुळाला मोजावी लागते.

वय झाले की पापणी उतरतेच. त्यासाठी डॉक्टरांकडे जाण्याची गरज आहे का?

वयोमानाने पापणी उतरते हे खरे आहे. पापणी उचलणाऱ्या स्नायूचा टोकाकडचा पातळ, चिवट पडदा वर्षानुवर्षांच्या उघडझापीने ताणला जातो किंवा आपल्या जागेवरून सुटतो. अनेक वर्षे कॉन्टॅक्ट लेन्स घालणाऱ्यांमध्ये हेच तुलनेने लवकर घडते. अशा रुग्णाचा स्नायू सहसा चांगला असतो आणि त्यामुळे शस्त्रक्रियेचा निकालही समाधानकारक येतो. मात्र 'हे वयामुळेच आहे' हा निष्कर्ष तपासणीनंतर काढायचा असतो. आजोबा पेपर वाचताना कपाळाला आठ्या पाडून भुवया वर ओढत असतील, बोटाने पापणी उचलून दूरदर्शन पाहत असतील किंवा जिना उतरताना चाचपडत असतील, तर पापणी त्यांच्या नजरेच्या आड येत आहे असे समजावे. काही जणांची पापणी जागेवर असते, पण तिच्यावरची सैल कातडी लोंबून पापण्यांच्या केसांवर येते. त्यावरचा उपाय वेगळा असतो, तेथे जादा कातडी काढली जाते.

पापणी एकाएकी खाली आली तर किती घाई करावी?

त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला, दाखवावे. या प्रश्नाचे उत्तर आम्ही मुद्दाम सविस्तर देत आहोत, कारण येथे होणारा उशीर केवळ दृष्टीवर नाही तर जिवावर बेतू शकतो.

पापणी अचानक पडली, सोबत तीव्र डोकेदुखी आहे, वस्तू दोन दिसतात, डोळा बाहेरच्या बाजूला व खाली वळला आहे आणि बाहुली मोठी झाली आहे, असे असेल तर मेंदूतील रक्तवाहिनीला आलेला फुगा तिसऱ्या नसेवर दाब देत असण्याची शक्यता असते. तो फुगा फुटला तर मेंदूत रक्तस्राव होतो. अशा रुग्णाने चष्म्याच्या दुकानात किंवा केवळ डोळे तपासणाऱ्या दवाखान्यात वेळ न घालवता मेंदूचे स्कॅन होऊ शकेल अशा मोठ्या रुग्णालयात जावे. मधुमेह असलेल्यांमध्येही तिसरी नस दुबळी होते. त्यात बाहुली बहुधा नेहमीसारखी राहते आणि साधारण तीन महिन्यांत पापणी आपोआप उचलू लागते. परंतु या दोहोंतला फरक घरी बसून ठरवता येत नाही. याउलट पापणी थोडीशीच खाली आली आहे आणि त्या बाजूची बाहुली लहान झाली आहे, असे आढळले तर मानेतील रक्तवाहिनी व छातीचा वरचा भाग तपासावा लागतो; त्यातही मान दुखत असेल तर विलंब करू नये.

दुसरे कारण आपल्या जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तिचा दंश अनेकदा इतका किरकोळ असतो की माणसाला जागही येत नाही. दाताच्या खुणा दिसत नाहीत, सूज येत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, उलटी होते आणि दोन्ही पापण्या जड होऊन मिटू लागतात. ही झोपेची गुंगी आहे किंवा पित्त झाले आहे असे समजून घरी थांबलेल्या माणसाचे पुढे गिळणे बंद होते आणि मग श्वास थांबतो. नागाच्या विषानेही पापण्या अशाच पडतात, मात्र तेथे दंशाची जागा सुजते व दुखते. उसात किंवा वस्तीवर झोपलेला माणूस सकाळी पापण्या उघडू शकत नसेल, तर साप दिसला नसला तरी सर्पदंशाचा संशय घेऊन प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्याला लगेच न्यावे. दोरी आवळून बांधू नये, जखम चिरू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. हातपाय स्थिर ठेवून गाडीत घ्यावे आणि निघावे.

सकाळी पापणी ठीक असते आणि संध्याकाळी खाली येते. हा थकवा आहे का?

दिवस चढेल तशी पापणी उतरत जाणे, कधी उजवी तर कधी डावी पडणे, अधूनमधून दोन दोन दिसणे, ही मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजाराची ओळख आहे. यात शरीराची प्रतिकारशक्ती नस व स्नायू यांच्या जोडावरच हल्ला करते. मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ ठेवला आणि पापणी २ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक वर आली, तर संशय बळावतो. पुढे रक्ताची तपासणी व छातीचा सीटी स्कॅन करावा लागतो. या आजारावर औषधे आहेत. निदान न करता आधी पापणीची शस्त्रक्रिया उरकणे ही चूक ठरते. गिळताना ठसका लागत असेल किंवा श्वास अपुरा पडत असेल, तर हाही आजार तातडीचा समजावा.

बाळाची एक पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली आहे. मोठेपणी, लग्नाच्या वेळी ऑपरेशन केले तर चालेल ना?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो आणि सर्वांत अधिक नुकसानही याच गैरसमजातून होते. दिसायला शिकणे हे मेंदूचे काम आहे आणि ते आयुष्याच्या पहिल्या सात-आठ वर्षांत घडते. या काळात पापणीने बाहुली झाकली तर त्या डोळ्याकडून स्पष्ट चित्र मेंदूला मिळतच नाही आणि तो डोळा आळशी होतो. पंचविसाव्या वर्षी पापणी कितीही सुंदर उचलली तरी गेलेली नजर तेव्हा परत मिळत नाही. शिवाय खाली आलेली पापणी बुबुळावर दाब देऊन तिरका नंबर निर्माण करते, त्यामुळे बाहुली उघडी दिसत असलेल्या मुलाचीही नंबरची तपासणी करणे भाग असते.

म्हणून जन्मतः पापणी उतरलेले बाळ लक्षात आल्याबरोबर दाखवावे, जरी शस्त्रक्रिया लगेच करायची नसली तरी. बाहुली पूर्ण झाकलेली असेल तर पहिल्या वर्षातही शस्त्रक्रिया करतात. बाहुली उघडी असेल आणि दोन्ही डोळ्यांची नजर सारखी वाढत असेल, तर साधारण तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबता येते, कारण त्या वयात मोजमापे नीट घेता येतात. मूल हनुवटी वर करून पाहत असेल तर ते त्या डोळ्याचा वापर करण्याची धडपड करीत आहे, असा त्याचा अर्थ होतो. पूर्वी तसे पाहणारे मूल एकाएकी मान सरळ ठेवून पाहू लागले, तर त्याने तो डोळा वापरणे सोडले असण्याची भीती असते. आईवडिलांना मात्र हा बदल अनेकदा सुधारणा वाटतो.

कोणती शस्त्रक्रिया करायची हे पापणी उचलणाऱ्या स्नायूत किती ताकद आहे यावर ठरते. भुवई अंगठ्याने दाबून धरतात, मुलाला खाली आणि मग वर पाहायला सांगतात, आणि पापणीची कड किती मिलिमीटर सरकते ते पट्टीने मोजतात. ही सरक ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर पापणी कपाळाच्या स्नायूला आतून जोडतात. त्यासाठी सिलिकॉनची बारीक दोरी किंवा मुलाच्याच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी वापरली जाते. सरक अधिक असेल तर तोच स्नायू आखूड करून पापणी उचलता येते. अशा मुलाची पापणी शस्त्रक्रियेनंतर झोपेत थोडी उघडी राहते, हे आधीच माहीत असावे, म्हणजे घरातील माणसे घाबरत नाहीत. मात्र रात्री डोळ्यात मलम घालण्यात खंड पडू देऊ नये. डोळा आळशी झालेला असेल तर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हे उपचार पुढे महिनोन्महिने चालतात, आणि शस्त्रक्रियेइतकेच ते महत्त्वाचे असतात.

दूध पिताना बाळाची पापणी उडते. ही काही बाधा आहे का?

नाही. जबडा हलवणाऱ्या नसेचा एक धागा जन्मतःच पापणीच्या स्नायूला जोडला गेल्यामुळे असे होते. १८८३ साली मार्कस गन या नेत्रतज्ज्ञाने त्याचे वर्णन केले आणि आजही ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. दृष्ट काढून ते जात नाही आणि त्यात कोणाचा दोषही नसतो. अशा बाळाची नजर व नंबर तपासून घ्यावा.

आईच्या खालच्या पापणीचे केस डोळ्यात टोचतात. दर महिन्याला चिमट्याने उपटून घेतो. तेवढे पुरेसे आहे का?

उपटलेला केस चार ते सहा आठवड्यांत पुन्हा उगवतो, आणि उगवताना तो आखूड व ताठ असल्यामुळे अधिक टोचतो. दोन-चार केसच वाकडे असतील तर त्यांची मुळे जाळता येतात. परंतु म्हातारपणी पापणीची कडच आत वळलेली असेल, तर सगळी रांग बुबुळावर घासत राहते. तेथे ओरखडा पडतो, जंतू शिरतात, फूल पडते. लालसर डोळा, सतत पाणी, उजेड सहन न होणे ही लक्षणे दिसली की आठवड्याभरात दाखवावे. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी.

शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत एक साधा उपाय उपयोगी पडतो. चिकटपट्टीचे एक टोक खालच्या पापणीच्या केसांच्या लगेच खाली लावावे, पापणी हलकेच खाली आणि बाहेर ओढावी व दुसरे टोक गालावर चिकटवावे. यामुळे कड बाहेर वळते आणि रुग्णाला तात्काळ आराम मिळतो. कायमच्या उपायासाठी ढिली झालेली पापणी बाहेरच्या कोपऱ्याकडे ताणून हाडावरच्या आवरणाला टाक्याने बांधतात आणि पापणी खाली ओढणारा सुटलेला पडदा पुन्हा जागेवर जोडतात. नुसते दोन-तीन टाके घालूनही पापणी बाहेर वळवता येते व ज्यांची तब्येत नाजूक आहे त्यांना ते सोयीचे असते, पण त्यात तक्रार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक असते.

खुपऱ्यांमुळेही पापणी आत वळते असे ऐकले आहे. तो आजार आता राहिला आहे का?

भारतात खुपऱ्या (ट्रॅकोमा, डोळ्याचा जंतुसंसर्ग) ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. परंतु लहानपणी वारंवार खुपऱ्या झालेल्या वृद्धांच्या वरच्या पापणीच्या आतला व्रण आजही आकसतो आणि केस आत वळवतो. अशा आजीची वरची पापणी उलटून पाहणे आवश्यक आहे.

मुलाच्या डोळ्यात चुना उडाला. घरी काय करावे?

ताबडतोब पाणी. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी मूल दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. आपल्याकडे घरोघरी ही पुडी हाताशी पडलेली असते. घराला चुना देतानाही असे अपघात होतात. चुना डोळ्यात राहील तितका वेळ आत जाळत जातो. नळ, हंडा, बाटली, जे स्वच्छ पाणी मिळेल त्याने पापण्या उघड्या धरून किमान अर्धा तास डोळा धुवावा आणि मग रुग्णालय गाठावे. आधी रिक्षा शोधणे आणि मग धुणे, असा क्रम लावू नये. तूप, दूध, मध, एरंडेल यांपैकी काहीही घालू नये. रुग्णालयात वरची पापणी उलटून आत अडकलेले चुन्याचे कण काढावे लागतात. हे वेळेवर न झाल्यास पापणी बुबुळाला आतून चिकटते, आत वळते, आणि ती सोडवण्यासाठी तोंडातील अस्तर काढून लावण्यापर्यंतच्या अवघड शस्त्रक्रिया कराव्या लागतात. तरीही पूर्वीची नजर मिळेल याची खात्री नसते. लहान मुले असलेल्या घरात चुन्याची पुडी कुलपात ठेवावी, ही आमची कळकळीची विनंती आहे.

डोळ्यातून सतत पाणी वाहते आणि खालची पापणी बाहेर लोंबते. हे कशामुळे होते?

खालची पापणी डोळ्यापासून सुटली की अश्रू नाकाकडे नेणारे छिद्र डोळ्याला टेकत नाही व पाणी गालावर ओघळते. रुग्ण दिवसभर उपरण्याने किंवा पदराने ते खाली पुसत राहतो, त्या ओढीने पापणी आणखी उलटते. पाणी पुसायचे असेल तर मऊ कापडाने हलकेच वर व नाकाच्या दिशेने टिपावे. भाजल्यामुळे किंवा जखमेमुळे गालाची कातडी आकसली असेल तर कातडीचे रोपण लागते. वयामुळे ढिलाई असेल तर कोपऱ्यात ताणून बांधणे पुरते. सोलापूरच्या उन्हाळ्यात, मागावर उडणाऱ्या सुताच्या धुळीत काम करणाऱ्यांना उघड्या पडलेल्या पापणीचा त्रास फार होतो. त्यांनी बाजूने बंद असलेला चष्मा वापरावा.

तोंडावरून वारे गेले आणि डोळा मिटत नाही. डोळ्यासाठी काय करावे?

चेहऱ्याची नस एकाएकी दुबळी झाली असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवावे, कारण या मुदतीत सुरू केलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी नस पूर्ववत होण्याची शक्यता वाढते. त्याआधी हे मेंदूच्या झटक्यामुळे नाही ना, हेही तपासले जाते. हात किंवा पाय लुळा पडला असेल, बोबडी वळली असेल तर ७२ तासांचा विचारच करू नये, तत्काळ निघावे. नस बरी होईपर्यंत बुबुळ सांभाळणे आपल्या हातात असते. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री दाट मलम आणि पापणी मिटवून लावलेली चिकटपट्टी, एवढ्याने बहुतेकांचे निभावते. पट्टीखाली डोळा उघडा राहून कापड बुबुळाला घासत नाही ना, हे मात्र घरातल्या दुसऱ्या माणसाने पाहावे. नस सुधारली नाही तर पापण्यांचे कोपरे शिवून फट लहान करतात किंवा वरच्या पापणीत सोन्याचे अथवा प्लॅटिनमचे छोटे वजन बसवतात, म्हणजे ती आपल्या भाराने मिटते.

एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. डोळा मिटत नाही आणि अंगावर बधिर चट्टा आहे, असे असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळते, आणि पापणीची दुर्बलता सहा महिन्यांच्या आतली असेल तर उपचाराने ती सुधारू शकते. लाजेपोटी लपवलेल्या चट्ट्यामुळे डोळा जातो, हे फार दुःखद आहे.

थायरॉइडमुळे डोळे मोठे दिसतात, पापण्या वर ओढल्या आहेत. लगेच शस्त्रक्रिया का करीत नाहीत?

कारण येथे थांबण्यातच शहाणपण आहे. सूज चालू असताना पापणी खाली आणली तर तिची उंची काही महिन्यांत पुन्हा बदलते. आजार शांत होऊन साधारण सहा महिने स्थिर राहिला की शस्त्रक्रियेचा विचार करतात, आणि तेव्हाही क्रम ठरलेला असतो: डोळा बाहेर आला असेल तर आधी खोबणीतील दाब कमी करणे, मग तिरळेपणा, आणि सर्वांत शेवटी पापणी. विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हा आजार अधिक उग्र होतो. ती सोडणे हाही उपचारच आहे. रंग फिके दिसू लागले किंवा नजर कमी झाली तर मात्र थांबू नये, कारण तेव्हा डोळ्याच्या मुख्य नसेवर दाब आलेला असतो.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पापणी खाली आली. काही चूक झाली का?

बहुतेक वेळा ही सूज असते आणि ती उतरते. साधारण सहा महिने वाट पाहून मगच पापणीचा विचार करावा. याच्या उलट, पापणी आधीच आत वळलेली असेल तर ती मोतीबिंदूच्या आधी दुरुस्त करून घेणे चांगले, कारण घासणारे केस व त्यांसोबतचे जंतू ताज्या जखमेला धोकादायक असतात.

थेंबांनी किंवा व्यायामाने पापणी वर येते का?

व्यायामाने येत नाही. ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांना २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यांनी पापणी काही तासांपुरती थोडी उचलते, मूळ दोष तसाच राहतो.

शस्त्रक्रिया कशी होते? उन्हाळ्यात टाळावी का?

मोठ्या माणसांची शस्त्रक्रिया पापणीपुरती भूल देऊन होते आणि रुग्ण जागा असतो. मध्येच त्याला डोळा उघडायला, मिटायला, बसून समोर पाहायला सांगतात, कारण उंची तेव्हाच जुळवता येते. मुलांना पूर्ण भूल द्यावी लागते. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखाच हुकूम जातो, त्यामुळे एक पापणी उचलल्यावर दुसरी, जी तोपर्यंत ठीक वाटत होती, ती किंचित उतरू शकते. याची चाचणी आधीच करून रुग्णाला कल्पना द्यायला हवी. एक-दोन मिलिमीटरच्या या कामात कधी पापणी कमी उचलली जाते, कधी जास्त, आणि काहींना पुन्हा दुरुस्ती लागते. हे आधी स्पष्ट सांगणाऱ्या डॉक्टरांवर अधिक विश्वास ठेवावा.

सोलापूरचा पारा मे महिन्यात चाळिशीच्या पुढे जातो म्हणून जखम भरत नाही, ही समजूत निराधार आहे. पापणीला रक्तपुरवठा भरपूर असल्याने ती लवकर भरते. धूळ आणि घाम यांची काळजी घ्यावी, पहिले दोन दिवस थंड शेक द्यावा, बाहेर पडताना चष्मा लावावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि लपवूही नयेत. त्या थांबवायच्या की नाहीत हे हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतात. शस्त्रक्रियेनंतर डोळा वेगाने सुजून बाहेर येऊ लागला, असह्य दुखू लागला आणि दिसेनासे झाले, तर रात्री दोन वाजताही डॉक्टरांना उठवावे.

उपचार कोठे मिळतात आणि खर्चाचे काय?

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले रुग्णालय आहे, ज्याला सर्व जण 'सिव्हिल' म्हणून ओळखतात. तेथील नेत्र विभागात प्रथम दाखवता येते. गुंतागुंतीच्या रुग्णाला केवळ पापणी व डोळ्याच्या खोबणीचे काम करणाऱ्या नेत्र शल्यचिकित्सकाकडे पाठवले जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. नजरेला अडथळा असल्याची मोजमापे कागदावर असतील तर शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी नसून गरजेची आहे, हे दाखवणे सोपे जाते.

तपासणीला येताना काय आणावे?

चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, साखर व रक्तदाबाचे कागद, जुना चष्मा आणि जुने फोटो. फोटोंचा आग्रह आम्ही विशेष धरतो. लग्नातला, गड्ड्याच्या यात्रेत काढलेला, आधार कार्डावरचा, कोणताही चालेल. पापणी दहा वर्षांपासून अशीच आहे की गेल्या महिन्यात पडली, हे रुग्णाला आठवत नाही आणि घरच्यांचे एकमत होत नाही, तेव्हा तो फोटोच घाई किती करायची ते ठरवतो. लहान बाळाचे आणत असाल तर जन्मल्यापासूनचे, प्रत्येक महिन्याचा एक, असे मोबाइलमध्ये वेगळे काढून ठेवावेत.